पत्र्याच्या शेडमधले झीलकरी

प्रश्न : मी भुसावळचा असून माझे वय तेवीस आहे. गेली चार वर्षे मी हार्डकोर पंक हे संगीत ऐकतो. त्यातही मोठ्या विदेशी बँडपेक्षा मुंबई-पुण्याकडचे आणि आपल्या भागातले, फारसे कोणाला ठाऊक नसलेले बँड मला अधिक आवडतात. वडील त्याला गोंगाट म्हणतात. मित्र म्हणतात की, हे बँड चांगले असते तर एव्हाना प्रसिद्ध झाले असते. माझ्या आवडीतच काही खोट आहे का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : वडिलांचा आक्षेप आधी घेऊ, कारण तो निदान कानांनी ऐकून केलेला आहे. हार्डकोर हा गोंगाट आहेच, आणि ते वाजवणाऱ्यांनीही कधी नाकारलेले नाही. गाणे एक-दीड मिनिटात आटोपते, ड्रमवर काठ्या धावत सुटतात, गिटारचा सूर मुद्दाम फाटका ठेवलेला असतो आणि गायक गातो त्याहून ओरडतो अधिक. मात्र ज्या जिल्ह्यात वरातीपुढचा डीजे चार-चार तास निमूट सोसला जातो, तेथे दीड मिनिटाच्या गाण्यावर हा ठपका ठेवणे थोडे अन्यायाचे वाटते. वाजवता न येणारी मुले असे वाजवतात हा समजही खरा नाही. वॉशिंग्टनच्या ‘बॅड ब्रेन्स’ या बँडमधले चार कृष्णवर्णीय तरुण आधी जॅझ फ्यूजन वाजवत असत. तो हात बसलेला असल्यामुळेच १९८० साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या तबकडीतला वेग एवढा भन्नाट असूनही कोठे घसरत नाही. भरधाव चाललेले गाणे मध्येच एकदम निम्म्या लयीवर येते, त्याला ब्रेकडाउन म्हणतात, आणि ती उडी चौघांनी एकाच क्षणी घ्यायची असते. वडिलांना एकदा एवढेच ऐकवून पाहा. आवडणार नाही, पण मेहनत कानावर पडेल.

मित्रांचे म्हणणे मात्र मला मान्य नाही. प्रसिद्धी हे या संगीताचे माप नव्हे, कारण ते मुळात दुरून ऐकण्यासाठी केलेलेच नसते. गेल्या हिवाळ्यात जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, चटईच्या कारखान्यामागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, तीन मुलांचा एक बँड मी ऐकला. त्याचे नाव त्यांनी त्या महिन्यात दुसऱ्यांदा बदलले होते, म्हणून येथे देत नाही. एक ट्यूबलाइट, तडा गेलेली आणि चिकटपट्टीने बांधलेली एक झांज, बिछायत केंद्रातून भाड्याने आणलेले दोन स्पीकर आणि समोर जेमतेम चाळीस जण. रंगमंच नव्हता, त्यामुळे गायक आणि पहिली रांग यांच्यात हातभर अंतर होते. गाणे होते नळाला पाणी न येण्यावर, आणि त्याची ओळ एकच, ‘नळले पानी नही’. दुसऱ्या वेळी ती आली तेव्हा गायकाने माइक समोरच्याच्या तोंडापुढे धरला आणि अर्धी शेड ओरडली, ‘पानी नही!’ नेमकी त्याच वेळी वीज गेली. गिटार मुकी झाली, पण ड्रमवाला थांबला नाही आणि लोकही थांबले नाहीत; अंधारात ती ओळ आणखी सात-आठ वेळा झाली आणि मग कोणीतरी मोबाइलची बॅटरी लावली.

शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात आणि त्यांनी झील धरल्याशिवाय पोवाडा उभा राहत नाही, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. हार्डकोरमध्ये समोरचे सगळेच झीलकरी असतात. म्हणून चाळीस माणसांच्या बँडला चाळीसच माणसे असणे हे त्याचे अपयश मानता येत नाही. तीच माणसे चार हजारांच्या मैदानात बसवली तर त्यांच्या वाट्याला फक्त बघणे येईल. जवळ उभे राहता येणे हाच ज्या संगीताचा गुण आहे, त्यात गावातला बँड हा दूरच्या मोठ्या बँडच्या पुढेच असणार. तुम्ही भुसावळात बसून नेमके हेच ओळखले आहे, असे मला वाटते.

याचा अर्थ जे जे स्थानिक ते ते उत्तम, असा मात्र घेऊ नये. आपल्याकडचे पुष्कळ बँड कॅलिफोर्नियातल्या मुलांचा वैताग कॅलिफोर्नियाच्याच उच्चारांत ओरडतात, आणि ते ऐकताना मला उसन्या कोटातला नवरदेव आठवतो. मुंबईच्या ‘स्क्राइब’ने हा कोट फार लवकर उतरवला. त्यांच्या २०१० सालच्या अल्बमचे नाव ‘मार्क ऑफ तेजा’ आणि २०१४ च्या अल्बमचे ‘हेल मोगॅम्बो’. हिंदी सिनेमाचे खलनायक घरात येऊन बसलेल्या पिढीचीच ही थट्टा आहे. मुंबईच्याच ‘डेथ बाय फंगाय’चे ध्वनिमुद्रण त्या मानाने गंभीर आणि अंगावर येणारे आहे. भाषेचा भाग तर आणखी मोठा आहे. ‘नळाला पाणी नाही’ हे प्रमाण मराठीत ओरडून पाहा, तो तक्रार अर्ज होतो. अहिराणीत तेच घरातून ओरडल्यासारखे होते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अशा कार्यक्रमांत पुढच्या भागात धक्काबुक्की चालते. पडलेल्याला आसपासच्यांनी तत्काळ उचलायचे, असा तेथला रिवाज आहे आणि त्या शेडमध्येही तो पाळला गेला. पण चाळीसांत मुली पाच होत्या आणि पाचही जणी मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. झील धरायची तर पुढे यायला जागा मिळाली पाहिजे. ती करून देणे बँडच्या हातात असते, आणि तुमच्यासारख्या श्रोत्यांच्याही.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. काही दिवसांपासून तो हाताच्या पाठीवर काळ्या मार्करने मोठी फुली काढतो आणि पुसायला सांगितले की चिडतो. हा कसला पंथ आहे? – एक आई, धुळे

उत्तर : ताई, काळजी करू नका, झालेच तर थोडे समाधान माना. १९८० साली वॉशिंग्टनचा ‘टीन आयडल्स’ हा कोवळ्या मुलांचा बँड सॅन फ्रान्सिस्कोला वाजवायला गेला, तेव्हा मद्य मिळणाऱ्या त्या जागेत या अल्पवयीन मुलांना कोणी दारू देऊ नये, म्हणून त्यांच्या हातांवर फुल्या काढण्यात आल्या. मुलांनी ती खूण घरी नेली आणि अभिमानाने मिरवली. पुढे त्यांच्यातल्याच इयान मॅकाय यांनी ‘मायनर थ्रेट’ या बँडसाठी पाऊण मिनिटाचे एक गाणे लिहिले, त्याच्या नावावरून दारू, तंबाखू आणि इतर नशा न करणाऱ्यांना ‘स्ट्रेट एज’ म्हणू लागले. आपल्याला कोणतीही चळवळ काढायची नव्हती, असे मॅकाय स्वतः सांगत आले आहेत, पण फुली जगभर गेली. ज्या वयात मुले टपरीवर पुड्या फाडू लागतात, त्या वयात तुमच्या चिरंजीवांनी बहुधा ‘मी घेत नाही’ असे हातावर लिहून ठेवले आहे. आपल्याकडे माळ घातलेल्या माणसाला कोणी आग्रह करत नाही, तसेच हे. मार्करची शाई त्वचेला चालणारी आहे ना, एवढे पाहा आणि फुलीचा अर्थ त्यालाच विचारा. तो माझ्याहून लांबलचक सांगेल.

प्रश्न : आमच्या मित्रांचा बँड दोन वर्षांत चार वेळा वाजला आणि मोडला. एक जण नोकरीसाठी पुण्याला गेला, दुसरा वडिलांच्या जिनिंगमध्ये बसतो. माझ्या मोबाइलमध्ये चारही कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण आहे, पण आवाज खराब आहे. ठेवून काय उपयोग? – एक वाचक, शिरपूर

उत्तर : वरच्या उत्तरातला ‘टीन आयडल्स’ही एका वर्षाच्या आसपासच टिकला. मोडला तेव्हा त्यांच्याकडे कार्यक्रमांतून साठवलेले सुमारे ६०० डॉलर होते. ते वाटून घेण्याऐवजी त्यांनी आपल्या ध्वनिमुद्रणाच्या एक हजार तबकड्या काढल्या, वेष्टने हाताने कापून, दुमडून, चिकटवून तयार केली आणि त्यासाठी ‘डिस्कॉर्ड’ ही कंपनी सुरू केली. म्हणजे त्या कंपनीची पहिलीच तबकडी मोडलेल्या बँडची होती, आणि वॉशिंग्टनच्या हार्डकोरचा मोठा भाग आज आपल्याला ऐकता येतो तो त्या कंपनीमुळे.

तेव्हा काहीही पुसू नका. मोबाइल पाण्यात पडण्यापूर्वी चारही ध्वनिमुद्रणे दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा. प्रत्येकाच्या नावात तारीख, गाव आणि जागा लिहा. कोणी काय वाजवले आणि गाण्यांचा क्रम काय होता, हे पुण्याच्या मित्राला फोन करून आत्ताच विचारून घ्या, कारण दोन वर्षांनी तिघेही तीन क्रम सांगतील. इतरांना ऐकवण्यापूर्वी सर्वांची परवानगी घ्या. आवाज सुधारण्याच्या नादात गाण्यांमधले बोलणे कापू नका. कोणी तार शोधत असेल, कोणी मागून गायकाला त्याच्या घरच्या नावाने हाक मारत असेल. तेही जसेच्या तसे राहू द्या.