गाडीचा सल्ला: एव्हरेज पण हवं आणि ट्रॉली पण ओढायचीये

प्रश्न: नमस्कार साहेब, आमचा द्राक्षाचा मळा दिंडोरी तालुक्यात आहे आणि राहायला आम्ही नाशिकला गंगापूर रोडला. महिन्याला हजारेक किलोमीटर फिरणं होतं. जुनी डिझेल इस्टेट टाइप गाडी बघतोय, म्हणजे मागे लांब डिकी, सीटा पाडल्या की क्रेट बसतील अशी. मागे हूक लावून छोटी ट्रॉली पण न्यायचीये, त्यात फवारणीचा एचटीपी पंप आणि 500 लिटरची टाकी. बजेट पाच लाख. इंडिगो मरीना स्वस्तात मिळतेय, एर्टिगा डिझेल बघून आलो, घरचे म्हणतात इनोव्हाच घ्या. काय घेऊ? – एक वाचक, नाशिक

उत्तर: भाऊ, आधी मरीनाचा विषय संपवू. आपल्याकडे इस्टेट गाड्या कधी चालल्याच नाहीत, 1992 ला टाटा इस्टेट आली, मग मरीना, स्कोडाची ऑक्टेव्हिया कॉम्बी, मारुतीची बलेनो अल्टुरा, ती तर पेट्रोलच होती, आणि लोकांनी सगळ्यांकडे बघून म्हटलं की ही डिकी वाढवलेली गाडी कशाला घ्यायची. मला स्वतःला हा आकार फार आवडतो पण आवडणं वेगळं. मरीना आता 15 वर्षं ओलांडलेली असणार, म्हणजे रजिस्ट्रेशन रिन्यू झालंय का ते बघा, त्याची केंद्राची फी 2022 च्या एप्रिलपासून चारचाकीला 600 वरून 5000 झाली होती, आताची विचारून घ्या, वर पर्यावरण कर वेगळा. इंजिनाचे पार्ट इंडिकामुळे मिळून जातील, पण मागचा दरवाजा, मागची काच, मागचे दिवे हे मरीनाचे स्वतःचे, ते भंगारात शोधत बसाल. राहू द्या.

आता एर्टिगा की इनोव्हा. इथं बहुतेक जण टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या ओढीचा आकडा बघून ठरवतात आणि फसतात, कारण जुनी 1.3 ची एर्टिगा डिझेल 200 न्यूटन मीटर, होंडा मोबिलिओ डिझेल 200, डस्टरचं 85 पीएसवालं 200 आणि जुनी 2.5 ची इनोव्हा, ती पण 200. चारही गाड्या कागदावर सारख्या. पण ट्रॉली लावली की सारख्या राहत नाहीत.

एर्टिगा पुढच्या चाकांवर चालते आणि तिला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. ट्रॉलीचं जे वजन हूकवर येतं ते मागच्या चाकांच्या पण मागे येतं, त्यामुळे गाडीची शेपूट बसते आणि नाक उचलतं, म्हणजे नेमकी ओढणारी चाकं हलकी होतात. कोरड्या डांबरावर कळत नाही, पण पावसात मळ्याच्या चढावर चिखलातून ट्रॉली बाहेर काढायची म्हटली की पुढची चाकं जागेवर फिरतात आणि क्लच प्लेटचा वास यायला लागतो. इनोव्हाला खाली लॅडर, म्हणजे शिडीसारखी वेगळी चासी आणि ओढ मागच्या चाकांची, म्हणजे तेच वजन तिथं कामाला येतं. हूक पण थेट चासीला बोल्ट होतो. शिवाय एर्टिगा डिझेल साधारण सव्वाबाराशे किलोची, इनोव्हा तिच्यापेक्षा चार-पाचशे किलो जड, आणि ओढणारी गाडी जड असणं उताराला फार उपयोगी पडतं. चढ कसाही चढवाल हो, खरी परीक्षा उतारावर, ट्रॉली मागून ढकलते तेव्हा.

तुमचं वजन मोजू. 500 लिटर पाणी म्हणजे सरळ 500 किलो, लोखंडी ट्रॉली दोन-अडीचशे, पंप आणि पाइप धरून आठशेच्या घरात गेलं. युरोपात बिनब्रेकच्या ट्रॉलीला 750 किलोची मर्यादा आहे, तुमच्या ट्रॉलीला ब्रेक नसणारच. म्हणून टाकी रिकामी न्या, पाणी प्लॉटवर भरा, वजन तीनशेवर येतं आणि मग एर्टिगा सुद्धा आरामात ओढेल. अर्धी भरलेली टाकी तर अजिबात नको, पाणी आत हिंदकळतं आणि गाडी मागून हलते. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार हूकवर आला पाहिजे, म्हणजे पंप ॲक्सलच्या थोडा पुढे बांधा. सगळं मागे टाकलं की ट्रॉली डुलायला लागते, आणि डुलायला लागली की ब्रेक मारायचा नाही, नुसता पाय काढायचा ॲक्सिलरेटरवरून.

कागदाचं पण ऐका. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रॉली स्वतःच मोटार वाहन आहे, तिची वेगळी नोंदणी लागते. अंबडला कोणी फॅब्रिकेशनवाला चार दिवसांत बनवून देईल पण नंबर नसेल तर अपघाताला इन्शुरन्सवाला हात वर करतो. पेठ रोडला आरटीओत आधी विचारा, मग लोखंड कापा.

डिझेलचा हिशोब: हजार किलोमीटरला एर्टिगा 17 चं एव्हरेज धरा, 59 लिटर लागेल. जुनी इनोव्हा 12 धरली तर 83 लिटर. 24 लिटरचा फरक, म्हणजे महिन्याला दोन हजाराच्या वर. ट्रॉली वर्षातून छाटणीनंतरच्या फवारणीच्या दिवसातच लागणार असेल तर मी म्हणेन एर्टिगा घ्या, टाकी रिकामी न्या, आणि एखाद्या दिवशी जड माल असेल तर छोटा हत्ती भाड्यानं सांगा. ट्रॉली आठवड्याला लागणार असेल तर मात्र घरचे बरोबर बोलतायत.

कुठलीही घ्या, सकाळी इंजिन थंड असताना बघायला जा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत जा दुसऱ्या दिवशी. ऑइलचं झाकण काढून बघा, भकाभका धूर येत असेल तर बॅक कम्प्रेशन मारतंय, म्हणजे इंजिन आतून झिजलंय. चौथ्या गिअरला कमी स्पीडवर पूर्ण रेस द्या, आरपीएम चढला पण गाडी नाही पळाली तर क्लच गेलाय. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घ्या, म्हणजे ते किती डिझेल परत सोडतात ते कळेल, चार इंजेक्टर बदलायची वेळ आली तर वर्षाची डिझेलची बचत एका बिलात जाते. आणि मागच्या बंपरखाली वाकून हूकची जुनी भोकं आहेत का बघा. असतील तर आधीच्याने काय ओढलं ते विचारा.

प्रश्न: दिल्ली पासिंगची इनोव्हा इथल्यापेक्षा दीड लाखाने स्वस्त मिळतेय. घ्यावी का? – एक वाचक, सातपूर

उत्तर: स्वस्त का आहे ते आधी बघा. तिकडे 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा एनजीटीचा, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाचा 2015 चा आदेश आला, सुप्रीम कोर्टाने 2018 ला तोच कायम ठेवला, म्हणून वय झालेल्या गाड्या लोक बाहेर विकायला लागले. इथं आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला हवा आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो, गाडीच्या वयानुसार कमी होतो पण डिझेलला मुळातच पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे, त्यात गाडी आणण्याचा खर्च, एजंट, नवी नंबर प्लेट. दीड लाखातलं हातात किती उरतं ते कागदावर मांडा. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा कागद पण मागा.