पश्चिमेच्या भिंतीला सावली हवी तर आधी उभं झाड वाचवा

मुलुंडची जुनी सोसायटी, दुसरा मजला, रात्री अकरालाही हात लावू तिथे तापलेली पश्चिमेची भिंत, आणि एसीचं बिल कमी व्हावं म्हणून कुठलं झाड लावू, हा तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या घरातले मागचे सगळे उन्हाळे आठवले. खड्डा, शेणखत, जूनमध्ये लागवड हे तुम्हाला ठाऊक असेलच, ते सोडून देते.

रोप लावाच. पण पश्चिमेला एखादं वाढलेलं झाड असेल तर आधी ते वाचवण्याच्या मागे लागा. रोपाची सावली दुसऱ्या मजल्यापर्यंत यायला बरीच वर्षं जातात. आमच्याकडे भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये जुना पर्जन्यवृक्ष होता. त्याच्यामुळे एप्रिलातही दुपारी पंख्यावर भागायचं. सोसायटीने जानेवारीतच छाटणीचा अर्ज दिला होता, दोन्ही बाजूंनी तोल राखून छाटा असं स्पष्ट लिहून. ज्या कार्यालयाकडे तो गेला त्याचं नाव घेत नाही. कधी साहेब साइटवर, कधी फाइल दुसऱ्या टेबलावर. जूनच्या तोंडावर माणसं आली आणि फक्त रस्त्याकडच्या फांद्या पार बुंध्यापासून उतरवून गेली. कापल्याच्या जागा ताटाएवढ्या. इमारतीकडचा सगळा भार तसाच. आम्ही खाली उभं राहून दाखवत होतो, तर ‘आमच्या कागदावर रस्त्याचीच बाजू आहे’ एवढंच उत्तर. जुलैत पश्चिमेचा वारा सुटला आणि झाड आमच्या इमारतीवर आलं. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. पडलेलं झाड उचलायला गाडी दुसऱ्याच दिवशी आली. हीच घाई मार्चमध्ये केली असती तर ते झाड आज उभं असतं. अजून राग जात नाही. पुढच्या मे महिन्यात आमचं बिल 300 युनिटांच्या वर गेलं, म्हणजे वरचे युनिट चढ्या दराने.

म्हणून सांगते, अर्ज डिसेंबरातच द्या, पोच घ्या, झाडाचा फोटो काढून कुठली फांदी किती कापायची त्याच्या खुणा करून जोडा. छाटणीच्या दिवशी कमिटीचं कुणीतरी खाली हवंच. परस्पर माणूस बोलावून फांद्या उतरवू नका. राज्याच्या 1975 च्या कायद्यामुळे आपल्या आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंट आलं असेल तर ते आजच फोडून घ्या, मुळांना पाणी मिळू द्या.

आता नवीन झाड. मी तज्ज्ञ नाही, पाहिलेलं सांगते. मे महिन्यात मुंबईत दुपारी बाराचं ऊन जवळपास डोक्यावर असतं, ते छपरावर पडतं. भिंत तापवतं ते तीननंतरचं. मेमध्ये सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, ऑक्टोबरात थोडा दक्षिणेला. तुम्हाला मे छळत असेल तर झाड खिडकीसमोरून थोडं वायव्येकडे सरकवा. शिवाय समुद्रावरचा वाराही दुपारी पश्चिमेकडूनच येतो. खालपासून दाट झुडूप लावलंत तर ऊन अडेल आणि वाराही. खाली सरळ खोड, वर छत्री, असं झाड बघा.

बहावा आणि गुलमोहर सगळेच सुचवतील. दोन्ही सुंदर, पण ऐन उन्हाळ्यात त्यांची पानं झडलेली असतात, आणि गुलमोहराच्या फांद्या पावसाळ्यात पटकन मोडतात. कुंपणाला ओळीने लावतात तो उभट खोटा अशोक सावलीसाठी कुचकामी आहे, हे माझं ठाम मत. जागा असेल तर करंज किंवा कडुनिंब, दोघांनाही एप्रिलपर्यंत नवी पालवी आलेली असते. जागा कमी असेल तर बकुळ, हळू वाढतो पण बारमाही हिरवा. इमारतीपासून आणि ड्रेनेजच्या लाइनपासून अंतर ठेवा. किती, ते जागा बघूनच सांगता येईल.

एक आशाही कमी करते. आपली हवा इतकी दमट की झाडाच्या पानांतून निघणाऱ्या वाफेने नागपूरइतका गारवा इथे येत नाही. खरा फायदा सावलीचा. रोप वाढेपर्यंत खिडकीच्या बाहेरून बांबूच्या काड्यांचा पडदा (चिक) लावा. आतल्या पडद्याने फारसा उपयोग होत नाही, काचेतून ऊन आत आलेलंच असतं. एसी 24 च्या खाली नेऊ नका.

पश्चिमेला सध्या कुठलं झाड आहे आणि कुंपणापर्यंत किती फूट जागा आहे ते कळवा, म्हणजे नेमकं सांगता येईल.