मुख्य स्ट्रायकर विकला गेलेल्या संघातले खेळाडू फँटसीत घ्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आवडत्या संघाचा सगळ्यात जास्त गोल करणारा खेळाडू उन्हाळ्यात विकला गेला, मॅनेजरही नवा आलाय, तरी सरावाच्या सामन्यांत संघ दणक्यात जिंकतोय. मग फँटसी प्रीमियर लीगमध्ये (इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले खरे खेळाडू घेऊन काल्पनिक टीम करायची आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे, असा ऑनलाइन खेळ) या संघातले चालतात तेवढे तीनही खेळाडू भरावेत, की सरळ फुली मारावी?

संघाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, ते एका परीनं बरंच झालं. नाव दिसलं की निम्मे लोक नावावरूनच मत देऊन मोकळे होतात.

माझं उत्तर: तीन नकोत आणि फुलीही नको. ‘संघ यंदा कसा खेळेल’ हा प्रश्न गुणतक्त्यासाठी ठीक आहे, फँटसीसाठी तो अर्धवट आहे. इथे बचावाचे गुण संघाला मिळतात आणि आक्रमणाचे गुण जागेला मिळतात. क्लीन शीट राहिली, म्हणजे संघाने एकही गोल खाल्ला नाही, की कीपर आणि बचावफळीतल्या प्रत्येकाला ४ गुण, मग त्यात त्याचा वाटा कितीही असो. त्यामुळे बचाव निवडताना आधी संघ बघायचा आणि मग त्यातला सगळ्यात स्वस्त, पण जागा पक्की असलेला माणूस उचलायचा. गोल आणि असिस्टचं (गोलाआधीच्या शेवटच्या पासचं) तसं नाही. ते पेनल्टी घेणाऱ्याकडे, कॉर्नर मारणाऱ्याकडे, बॉक्समध्ये उभं राहणाऱ्याकडे जातात. माणूस गेला तरी जागा संघातच राहते, आणि तिच्यावर दुसरा कुणीतरी येऊन उभा राहतो. तो कोण, हे इतरांच्या आधी ओळखणं म्हणजेच सीझनपूर्वीचा अभ्यास.

प्रीमियर लीगमधल्या ब्रेंटफर्डचं उदाहरण घ्या, कारण तुमच्या प्रश्नातली परिस्थिती त्यांच्यावर लागोपाठ दोन उन्हाळ्यांत आली. २०२४ मध्ये त्यांचा मुख्य स्ट्रायकर आयव्हन टोनी जाणार हे दिसत होतं. पहिल्याच सामन्यात तो संघाबाहेर होता आणि ऑगस्टअखेर सौदीच्या अल-अहलीला गेला. टोनी गेला, आता गोल कोण करणार, असा तेव्हा सूर होता. त्याच संघातल्या ब्रायन एम्ब्युमोची फँटसीतली किंमत होती ७.० दशलक्ष (खेळातले पाउंड; पुढच्या किमतीही अशाच). फँटसीत तो मिडफिल्डर, म्हणजे गोलाला ५ गुण. खेळायचा मात्र जवळजवळ स्ट्रायकरसारखा. टोनीच्या पेनल्टी त्याच्याकडे आल्या, कॉर्नरही बऱ्याचदा तोच घ्यायचा. लीगमध्ये २० गोल, फँटसीत २३६ गुण. त्याच्या जोडीला योआन विसाचे १९. आदल्या वर्षी ५६ गोल करून सोळावा आलेला हा संघ ‘मुख्य स्ट्रायकर नसताना’ ६६ गोल करून दहावा आला.

पुढच्या उन्हाळ्यात एम्ब्युमो मँचेस्टर युनायटेडला, विसा न्यूकासलला, कर्णधार नॉरगार्ड आर्सेनलला आणि मॅनेजर थॉमस फ्रँक टॉटनहॅमला. फ्रँकच्या जागी सेट-पीस (कॉर्नर, फ्री किक वगैरे) शिकवणारे कीथ अँड्र्यूज मॅनेजर झाले, ज्यांनी आधी कुठलाच संघ सांभाळलेला नव्हता. ६६ पैकी ३९ गोल दाराबाहेर! बऱ्याच जणांनी संघाला खालच्या डिव्हिजनमध्ये धाडून दिलं होतं. आधीचा सीझन बहुतांश दुखापतीत घालवलेला इगोर थियागो मधल्या जागेवर आला, पेनल्टीही त्याच्याकडे आल्या, आणि त्याने गोलांचा सपाटाच लावला. आदल्या वर्षीच्या गुणांच्या यादीत तो कुठेच नव्हता, म्हणून ती यादी उतरत्या क्रमाने लावून टीम करणाऱ्यांना तो दिसलाच नाही.

तेव्हा तुमच्या संघासाठी पहिलं काम: कागदावर गेल्या वर्षीचे अकरा जण मांडा आणि गेलेल्यांवर काट मारा. एका संघाला सीझनभरात ३८ सामन्यांत ११ प्रमाणे ४१८ स्टार्ट (सुरुवातीच्या अकरातल्या जागा) वाटायचे असतात. गेलेल्या खेळाडूंनी त्यातले किती घेतले होते ते मोजा. मग त्यांच्याबरोबर कोणती कामं मोकळी झाली ते लिहा: पेनल्टी, डावीकडचे कॉर्नर, उजवीकडचे कॉर्नर, थेट फ्री किक. प्रत्येक कामापुढे आताचा दावेदार. दोन दावेदार असतील तर दोन्ही नावं, आणि तिथे पैसे लावायची घाई नको. अर्ध्या तासाचं काम आहे. ‘हा घेतला नाही तर पस्तावाल’ छापाचे दहा व्हिडिओ बघण्यापेक्षा याने जास्त कळतं.

पेनल्टीवर थोडं जास्त बोलतो, कारण सगळ्यात स्वस्तात मिळणारा फायदा इथेच आहे. एक्सजी, म्हणजे एखाद्या शॉटवर गोल होण्याची शक्यता. पेनल्टीची ती साधारण पाऊण गोल धरतात. खुल्या खेळात एवढी संधी आठवड्यातून एकदा मिळाली तरी स्ट्रायकर खूश असतो. म्हणून सरावाच्या सामन्यात पेनल्टी मिळाली की गोल झाला का हे बघू नका. शिट्टी झाल्यावर चेंडू कोण उचलतो ते बघा. दोघे चेंडूजवळ जाऊन बोलले का? कर्णधाराने बाकावर मॅनेजरकडे नजर टाकली का? ज्याने मारली तो पहिल्या पसंतीचा होता, की पहिल्या पसंतीचा आधीच बदली होऊन बाहेर बसला होता? हायलाइट्समध्ये हे कापलेलं असतं, म्हणून जमेल तेव्हा पूर्ण सामना लावा. कोल पामर २०२३ मध्ये १ सप्टेंबरला चेल्सीत आला तेव्हा त्याची किंमत ५.० होती. ऑक्टोबरमध्ये बर्नलीविरुद्ध चेंडू त्याच्या हातात आला, त्याने पेनल्टी मारली आणि पुढे ते काम त्याचंच झालं. त्या सीझनमध्ये २२ गोल, त्यातले ९ पेनल्टीवर, आणि फँटसीत सर्वाधिक २४४ गुण.

आता सरावाच्या सामन्यांतल्या विजयांबद्दल. चार-शून्य, पाच-शून्य विसरून जा. मध्यंतरानंतर दहा-अकरा खेळाडू बदलले जातात, समोरचा संघ कधी खालच्या लीगचा असतो, कधी त्याचा तिसरा दिवस असतो सरावाचा. बघायचं ते दोनच गोष्टींसाठी. एक, शेवटच्या सराव सामन्याची सुरुवातीची अकरा. पहिल्या आठवड्याच्या संघाच्या सगळ्यात जवळ तीच असते. दुसरी गोष्ट, फुलबॅक (बचावफळीतला कडेचा खेळाडू) कुठे उभा राहतो. क्रिस्टल पॅलेसचा डॅनियल मुन्योस आठवा. चेंडू डावीकडे मिचेलकडे असताना हा उजवा विंग-बॅक (कडेने पुढे-मागे धावणारा बचावपटू) मैदानाच्या मध्यरेषेवर रेंगाळत नाही, लांबच्या पोस्टकडे धावत सुटतो. क्रॉस आला की तिथे हजर. फँटसीत तो डिफेंडर, म्हणजे गोलाला ६ गुण, वर क्लीन शीट वेगळी. नव्या मॅनेजरने तुमच्या संघात तीन सेंटर-बॅक (बचावाच्या मधले खेळाडू) ठेवले असतील, तर विंग-बॅकच्या जागेवर कोण आहे हे आधी शोधा. उलट फुलबॅक आत सरकून मिडफिल्डमध्ये खेळत असेल, तर गेल्या वर्षीचे त्याचे असिस्ट विसरा.

मॅनेजर बदलाबाबत माझा एक हट्ट आहे: त्याच्या आधीच्या संघावरून फार लांबचा अंदाज बांधू नये. आंतोनियो काँते २०१६ मध्ये चेल्सीत आले आणि सुरुवातीला चार जणांच्या बचावानेच खेळले. सप्टेंबरमध्ये आर्सेनलकडून ३-० हरल्यावर त्यांनी ३-४-३ (मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन) आणलं, मग सलग १३ विजय आणि विजेतेपद. विंग-बॅक मार्कोस अलोन्सो आणि व्हिक्टर मोझेस फँटसीवाल्यांच्या घरोघरी पोहोचले ते त्यानंतर. ऑगस्टमध्ये कितीही अभ्यास केला असता तरी हे दिसलं नसतं. म्हणून नव्या मॅनेजरच्या संघात पहिल्या आठवड्याला तीन जागा अडकवायच्या नाहीत.

बदल नसला की अंदाज सोपा, असंही समजू नका. नॉटिंगहॅम फॉरेस्ट २०२४-२५ मध्ये सातवा आला. स्ट्रायकर ख्रिस वूडचे २० गोल, कीपर मॅट्स सेल्सच्या १३ क्लीन शीट. पुढच्या सीझनला मॅनेजर तेच, बचावफळी जवळपास तीच. पण वूडचे गोल त्याच्या एक्सजीपेक्षा बरेच जास्त होते, किंमत वाढलेली होती, आणि गुरुवारी युरोपात खेळून रविवारी लीगमध्ये उतरायचं होतं. वर तीनच लीग सामन्यांनंतर मॅनेजर नुनो गेले, त्यांच्या जागी आलेले पोस्टेकोग्लू एकही विजय न मिळवता ऑक्टोबरमध्येच गेले, मग शॉन डाइश. डाव उधळला तो असा.

बचावाच्या बाजूला न्यूकासलचं उदाहरण मला कायम पुरेसं वाटतं. २०२२-२३ मध्ये लीगमध्ये सगळ्यात कमी, म्हणजे ३३ गोल खाल्ले (मँचेस्टर सिटीइतकेच). ५.० ने सुरुवात केलेल्या डिफेंडर ट्रिपियरने १९८ गुण काढले. पुढच्या वर्षी साहजिकच सगळे त्यांच्या बचावावर तुटून पडले, ट्रिपियर ६.५ चा झाला. मग चँपियन्स लीग आली, डिफेंडर बोटमनचा गुडघा आणि कीपर पोपचा खांदा दुखावला, मिडफिल्डर टोनालीवर बंदी आली, आणि खाल्लेले गोल ६२. पण त्याच संघाने ८५ गोल केले आणि स्ट्रायकर इसाकने एकट्याने २१. म्हणजे संघ तोच, पैसे मात्र चुकीच्या टोकाला लावलेले. तुमचा संघ यंदा पहिल्यांदा युरोपात खेळणार असेल, तर बाकावर किती खरे पर्याय आहेत ते मोजल्याशिवाय त्यांच्या डिफेंडरवर ५.० च्या वर खर्च करू नका.

वर चढून आलेला संघ असेल तर बचावाचे जुने आकडे बाजूलाच ठेवा. बर्नलीने २०२४-२५ मध्ये चँपियनशिपमध्ये (प्रीमियर लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये) ४६ सामन्यांत फक्त १६ गोल खाल्ले होते, ३० क्लीन शीट. प्रीमियर लीगमध्ये परतल्यावर पहिल्याच सामन्यात टॉटनहॅमने ३-० केलं. त्या आधीच्या दोन्ही सीझनमध्ये वर आलेले तिन्ही संघ पुन्हा खाली गेले होते.

एक नियम मात्र दुबळ्या संघांच्या बाजूने आला. २०२५-२६ पासून डिफेंडरने एका सामन्यात क्लिअरन्स (चेंडू धोक्याबाहेर मारणं), ब्लॉक, इंटरसेप्शन (पास मधेच अडवणं) आणि टॅकल मिळून १० चा आकडा गाठला की २ गुण. मिडफिल्डर आणि फॉरवर्डना रिकव्हरी (सुटलेला चेंडू ताब्यात घेणं) धरून १२ लागतात. म्हणजे मार खाणाऱ्या संघाचा सेंटर-बॅकही आता निरुपयोगी नाही. बोर्नमथचा सेनेसी, एव्हर्टनचा टार्कोव्हस्की यांनी त्याच सीझनमध्ये हे दाखवून दिलं. तुमच्या संघात असा डोक्याने चेंडू परतवत राहणारा कुणी स्वस्तातला सेंटर-बॅक असेल, तर त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका. कीपरला हे गुण नाहीत, त्याला तीन सेव्हला एक.

फिक्स्चरबद्दल, म्हणजे सामन्यांच्या वेळापत्रकाबद्दल, फार लिहीत नाही. पहिले सहा सामने बघा, त्यापुढे बघून उपयोग नाही. आणि सामना सोपा की अवघड हे दाखवणाऱ्या त्या रंगीत चौकटींवर डोळे झाकून विसंबू नका. आक्रमणाला सोपा प्रतिस्पर्धी आणि बचावाला सोपा प्रतिस्पर्धी हे दोन वेगळे संघ असू शकतात.

तर तुमच्यापुरतं सांगायचं तर: पहिल्या आठवड्याला या संघातला एकच घ्या. पेनल्टीचा दावेदार निश्चित असेल आणि किंमत ७.० च्या आत असेल तर तो. निश्चित नसेल तर ४.५ चा, रोज खेळणारा सेंटर-बॅक. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्यांचे सामने पूर्ण बघा. फुकट ट्रान्सफर (टीममधला खेळाडू बदलायची संधी) आता पाचपर्यंत साठवता येतात, त्यामुळे एखादी हातात ठेवणं जड जात नाही; जादा ट्रान्सफरचे उणे ४ गुण घेऊन घाईने कुणाला आणायची वेळ येऊ नये. ट्रान्सफर विंडो सीझन सुरू झाल्यावरही काही दिवस उघडी असते, म्हणजे विकल्या गेलेल्या स्ट्रायकरच्या पैशातून कुणी आला तर तो तेव्हाच येईल आणि तुमचा दावेदार बाकावर जाईल, हेही धरून चाला.

संघाचं नाव, गेल्या आठवड्यातल्या सराव सामन्याची सुरुवातीची अकरा आणि कॉर्नर कोण घेत होतं, एवढं लिहा. मग नेमकं नाव सुचवतो.