वडील चित्रकार होते, फारसं बोलायचे नाहीत. आता मागे राहिलेल्या चित्रांतून ते कळतील का?

कळतील, पण तुम्हाला जे विचारायचंय तेच कळेल असं नाही. म्हणजे "ते एवढे गप्प का असायचे", "माझ्याबद्दल त्यांना काय वाटायचं" हे चित्रात शोधायला गेलात तर हमखास सापडेल, आणि तीच अडचण आहे, कारण आपण आधीच ठरवून बघत असतो. माझी आई चित्रकार होती, जलरंग आणि चारकोल, ती गेल्यावर तिच्या कामाचे गठ्ठे माझ्याकडे आले, म्हणून सांगतोय.

आधी ते "गडद चित्रं म्हणजे वाईट काळ" वगैरे डोक्यातून काढा. व्हॅन गॉगने निळ्या आभाळावर फुललेल्या बदामाच्या फांद्या रंगवल्या १८९० च्या फेब्रुवारीत, तेव्हा तो मनोरुग्णालयात होता आणि चित्र होतं भावाला मुलगा झाला म्हणून. नुसतं चित्र बघून यातलं काय कळलं असतं? पत्रं राहिली म्हणून कळतं. त्यामुळे चिठ्ठ्या, चित्रामागे खरडलेलं, रंगांची बिलं, काही म्हणजे काही टाकू नका.

मग बघायचं काय, तर त्यांनी काय ठरवलं आणि काय बदललं ते. फ्रेम केलेली चित्रं म्हणजे पाहुण्यांसमोर आवरून आलेला माणूस, खरा माल स्केचबुकात आणि फसलेल्या कागदांत. आईच्या एका चित्रात साधी करडी भिंत आहे, बघताना वाटतं एका वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एकाच हातात, उरकलीये. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) काढल्यावर कडेला रंग तपासायची पट्टी निघाली, दहा-बारा करडे एकाखाली एक, कशात निळा जास्त, कशात तपकिरी, काहींवर फुली, आणि सगळ्यात खालच्याच्या बाजूला पेन्सिलीने "अजून थंड". आता ही बाई घरात प्रत्येक गोष्टीला "चालेल" म्हणून मोकळी होणारी, सगळंच चालायचं तिला! भिंतीचा करडा मात्र चालत नव्हता. तिचा हा हट्टीपणा मी कधी बघितलाच नव्हता.

खोडलेलं बघायचं असेल तर खोलीत अंधार करा आणि टॉर्च बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर धरा. रबराने उठलेला पोत, दाबून काढलेल्या रेषांच्या खाचा दिसतात, तेलरंग जाड असेल तर खालच्या थराचे उंचवटे दिसतात, चित्रातल्या माणसाचा हात आधी कुठे होता, मान किती वळवली. तीच तीच गोष्ट किती वेळा काढलीये तेही बघा, आणि काय काढलंच नाही ते सुद्धा, पण लगेच थिअरी बांधू नका. आईने आम्हा मुलांचे चेहरे जवळजवळ काढलेच नाहीत, मला ते लागलं होतं, मग सगळे गठ्ठे बघितल्यावर लक्षात आलं की तिने चेहरे कोणाचेच फारसे काढले नाहीत, तिला पाठमोरी माणसं आवडायची, विषय संपला.

आणि माणसांना विचारा. आर्किटेक्ट लुई कान १९७४ मध्ये गेला तेव्हा त्याचा मुलगा नॅथॅनियल ११ वर्षांचा होता, त्याने मोठेपणी वडिलांना समजून घ्यायला अहमदाबादपासून ढाक्यापर्यंतच्या इमारती पालथ्या घातल्या, त्याची डॉक्युमेंट्री २००३ मध्ये आली, पण त्यातही वडिलांबरोबर काम केलेल्यांशी बोलावं लागलंच त्याला. तुमच्या वडिलांचे विद्यार्थी, सोबतचे चित्रकार, फ्रेम करून देणारा, जो भेटेल तो.

एक मात्र घाईने करा, गठ्ठे विस्कटायच्या आधी आहेत त्या क्रमाने फोटो काढून ठेवा, कारण कशाखाली काय ठेवलं होतं हीच कधीकधी एकमेव तारीख असते. नंबर टाकायचे तर मागे कोपऱ्यात हलक्या पेन्सिलीने, बॉलपेन नको, सेलोटेप तर अजिबात नको. आणि चारकोल असेल तर जपून, फिक्सेटिव्ह (चारकोल कागदाला धरून ठेवणारा फवारा) मारलेलं नसेल तर एकावर एक घासून निघून जातं.