लाळग्रंथी वाचवणारी जीन थेरपी : बीडीएस की बायोटेक?

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, पीसीबी घेतलंय, गणित सोडलंय. तिच्या आजोबांना तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन दिलं, तेव्हापासून लाळ सुटत नाही. रेडिएशनआधी लाळग्रंथीत जीन घालून त्या वाचवता येतात, असं तिने वाचलं आणि आता 'हेच करायचं' म्हणते. बीडीएसला घालावं की बायोटेकला? – एक पालक, सांगली

उत्तर : आधी तिने वाचलंय ते नेमकं काय, ते पाहू. रेडिएशनने लाळ बनवणाऱ्या ॲसिनर पेशी जातात, नलिकांच्या पेशी बऱ्याच तगून राहतात. म्हणून अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेमध्ये नलिकांच्या पेशींत पाणी वाहून नेणाऱ्या ॲक्वापोरिन-1चं जीन सोडलं. 2012 साली निकाल छापून आले : 11 पैकी 6 रुग्णांची लाळ वाढली. पण हा नुकसान झाल्यानंतरचा इलाज. आधीच ग्रंथी वाचवायचं काम लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला झालं. तिथे टीएलके1बी हे डीएनए दुरुस्तीला मदत करणारं जीन वापरलं, तेही उंदरांवर. खरी मेख अशी की जे जीन ग्रंथीला वाचवतं, ते कॅन्सरच्या गाठीलाही वाचवू शकतं. म्हणून ते शिरेतून न देता थेट लाळेच्या नळीतून ग्रंथीत सोडतात.

हे काम हाताने कसं होतं ते मुलीला जरूर सांगा. गुंगी दिलेल्या उंदराच्या जिभेखालच्या नळीत मायक्रोस्कोपखाली केसाएवढी कॅन्युला, म्हणजे बारीक पोकळ नळी, घालायची. लाळेने औषध धुऊन जाऊ नये म्हणून आधी ॲट्रोपिन द्यायचं, मग एका ग्रंथीत साधारण 50 मायक्रोलिटर, अगदी सावकाश. घाईने दाबलं की ग्रंथी आतून फाटते. कॅन्युला लवकर काढली की औषध तोंडात परत येतं. काही आठवड्यांनी लाळ सुटायला लावणारं पिलोकार्पिन टोचून, आधी वजन केलेल्या ट्यूबमध्ये लाळ गोळा करायची. रेडिएशनने उंदीर वाळतात, म्हणून आकडा शरीराच्या वजनामागे मांडायचा. प्राण्यांवर प्रयोग करायची तिची तयारी आहे का, हे आत्ताच विचारा. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी कळून उपयोग नाही.

तयारी असेल तर माझं मत बीडीएसच्या विरोधात आहे. बीडीएस इंटर्नशिप धरून पाच वर्षांचं, दवाखान्यासाठी घडवणारं शिक्षण आहे. जनुकांशी संबंध नावापुरता येतो. रुग्णांवर उपचार करायची ओढ असेल तरच तिकडे जावं. नाहीतर बायोटेकची वाट : बीएस्सी, मग आयआयटीसाठी जॅम किंवा जीएटी-बी ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, पुढे नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती (सध्या महिना 37,000 रुपये) आणि पीएचडी. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रामध्ये कॅन्सरवरच पीएचडी होते. पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थेची पाच वर्षांची बीएस-एमएस उत्तमच, पण त्यांच्या आयएटी या प्रवेश परीक्षेत चारही विषयांचे 15-15 प्रश्न असतात. गणित सोडलेल्या मुलीचे एक चतुर्थांश मार्क तिथेच धोक्यात येतात.

नोकरीचंही सांगतो. लाळग्रंथीच्या जीन थेरपीवर भारतात पोट भरेल अशी आज तरी परिस्थिती नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटलच्या कामातून आलेल्या नेक्सकार19 या रक्ताच्या कॅन्सरवरच्या कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत जीन घालून त्या कॅन्सरवर सोडतात) ऑक्टोबर 2023मध्ये मंजुरी मिळाली. अशा उत्पादनात जीन पेशीत नेणारे विषाणू-वाहक बनवणारी आणि त्यांची तपासणी करणारी माणसं लागतात. पदवीत हे कौशल्य कमवावं, लाळग्रंथी हा विषय पीएचडीला घ्यावा.

आणखी एक. लाळ वाचवण्याचं सर्वांत भरीव काम आजवर रेडिएशनच्या नियोजनाने केलंय. पॅरोटिडला, म्हणजे कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीला, सरासरी 26 ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक) आत डोस बसवायचा, हे त्यातलं गणित. ब्रिटनमधल्या 2011च्या पार्सपोर्ट चाचणीत वर्षभराने त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीत 74 टक्के रुग्णांना होता, आयएमआरटीत, म्हणजे किरणांची तीव्रता जागेनुसार कमी-जास्त करणाऱ्या नव्या पद्धतीत, 38 टक्के. हे नियोजन मेडिकल फिजिसिस्ट करतो, पण त्याला भौतिकशास्त्राची पदवी लागते आणि ती वाट गणित सोडल्याने जवळपास बंद झाली. एमबीबीएस करून रेडिएशन ऑन्कॉलॉजीला जाणं मात्र नीटमधून शक्य आहे.

'जेनेटिक इंजिनिअरिंग' अशी पाटी लावलेल्या खासगी कॉलेजात फी भरण्याआधी लॅब बघा. सेल कल्चरचं बायोसेफ्टी कॅबिनेट चालू आहे का, पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायचा प्रयोग) विद्यार्थी स्वतः लावतात की सर लावतात आणि मुलं वहीत उतरवतात, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, प्राचार्यांना नको.