इंदूरमध्ये आईसाठी असिस्टेड लिव्हिंग बघतोय. तिथे दिवस कसा जातो आणि मदत नेमकी कशाकशात मिळते?

तुमची आई ८१ची, सुदामानगरात एकटी, तुम्ही पुण्यात, आणि कामाची बाई सोडून गेल्यापासून हा विचार सुरू झाला, असं तुम्ही लिहिलंय. मी वीज मंडळातून निवृत्त. बायपासजवळच्या अशाच एका ठिकाणी, म्हणजे वयस्कर माणसांना रोजच्या कामात मदत मिळते अशा जागी, बायकोबरोबर राहतो. तिला पार्किन्सन (कंपवात) आहे, तेव्हा मदत घेते ती आणि बघतो मी.

दिवसाचं सांगण्यासारखं फार नाही. सकाळी चहा, मग पोहे-जिरावण-शेव (इंदूर आहे, दुसरं काय असणार), बीपी, गोळ्या, पेपर, जेवण, झोप, संध्याकाळी भजन नाहीतर हाऊजी. साधं वरण सांगून ठेवावं लागतं, नाहीतर रोज तडकेवाली दाल. गणपतीत आम्ही मराठी मंडळी पुढे असतो; शेजारच्या सिंधी आजोबांना आमच्या आरत्या पाठ झाल्यात.

खरी गोष्ट आंघोळीची आणि रात्रीची. जागा बघायला जाल तेव्हा बाग आणि टीव्हीचा हॉल दाखवतील. तुम्ही बाथरूम बघा, आणि आंघोळ घालायला कोण येतं ते विचारा.

बायकोची सकाळची गोळी ठरलेल्या वेळेलाच लागते, आणि ती लागू पडेपर्यंत अंग लाकडासारखं ताठ असतं. त्यामुळे गोळी आधी, आंघोळ तासाभराने. हे इथल्या मदतनीस मुलीच्या वहीत लिहिलेलं आहे. बाथरूमच्या उंबऱ्याशी बायकोचे पाय जमिनीला चिकटतात, काही केल्या उचलत नाहीत. तेव्हा ती मुलगी ओढत नाही. आपला पाय आडवा टाकते नि म्हणते, "अम्माजी, मेरे पैर के ऊपर से." आणि बायको तो ओलांडून आत जाते! फिजिओवाल्याने शिकवलेली युक्ती आहे. नंतर ब्लाऊजचे हुक मुलगी लावते, वेणी मात्र बायको स्वतः घालते, कितीही वेळ लागो. घाईतली बाई असती तर वेणीही तिनेच उरकली असती, आणि वर्षभरात बायकोचा हात तेवढंही विसरला असता. आईला काय जमतं आणि काय नाही, हे आत जातानाच लेखी द्या.

आई इन्सुलिन घेत असतील आणि चतुर्थी धरत असतील तर तेही सांगा. इंजेक्शन देऊन झालं आणि जेवण नाही, तर साखर खाली जाते. आमच्या सिस्टर ताट समोर आल्याशिवाय सुई काढत नाहीत.

रात्री किती माणसं जागी असतात, झोपलेली नव्हे, हे विचारा. पलंगाशी बेल आहे का? शक्य असेल तर आठवडाभर राहून बघण्याची सोय मागा. एकदा रात्री दोनला बेल दाबून बघायला आईंना सांगा. थोडा आगाऊपणा आहे, पण कळतं.

महिन्याच्या रकमेत बहुधा खोली, जेवण, धुणं, साफसफाई नि साधी देखभाल धरतात. डायपर, औषधं, फिजिओ, अँब्युलन्स, स्वतंत्र अटेंडंट यांचे पैसे वेगळे लागू शकतात; एकेक विचारून लिहून घ्या. हे हॉस्पिटल नव्हे. डॉक्टर ठरावीक दिवशी येतात. उद्या नाकातून नळी लागली तर ठेवून घेतील का, हेही आत्ताच विचारा. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्न न बघता मिळणारं आयुष्मान कार्ड (वर्षाला ५ लाखांपर्यंत) काढून ठेवा. ते हॉस्पिटलात भरती झाल्यावर उपयोगी, इथल्या खर्चाला नाही. पेन्शनचा हयातीचा दाखला हल्ली मोबाईलवर चेहरा दाखवून होतो. आमच्याकडे ऑफिसातला मुलगा सगळ्यांचा करून देतो.

एक अट करारात जरूर बघा: आई महिनाभर हॉस्पिटलात राहिल्या तर खोलीचं पूर्ण भाडं लागतं की अर्धं, आणि खोली सोडली तर डिपॉझिट किती दिवसांत परत. तोंडी "हो हो, कर देंगे भिया" म्हणाले तर कागदावर मागा.