चावी फिरवली तर दिवे लागतात, पण स्टार्टर गप्प

प्रश्न: माझी मॅन्युअल गिअरची गाडी कधी कधी स्टार्टच होत नाही, म्हणजे डॅशबोर्डचे दिवे लागतात, हॉर्न जोरात वाजतो पण स्टार्टर हू की चू करत नाही, मग क्लच दोनतीनदा जोरात दाबला की लागते. बॅटरी नवीन टाकली तरी तेच. मेकॅनिक म्हणतोय स्टार्टर मोटर बदला. घरी मल्टिमीटर आहे, आधी काय तपासू?

उत्तर: स्टार्टरला एवढ्यात हात लावू नका! क्लच जोरात दाबल्यावर गाडी लागते हे तुम्हीच लिहिलंय, आणि खरी खूण तीच आहे. क्लच पेडलच्या दांड्याजवळ एक छोटा स्विच असतो, पेडल पूर्ण खाली गेलं की तो जोडला जातो आणि मगच स्टार्टर रिलेला, म्हणजे स्टार्टरकडे जाणारा करंट चालू-बंद करणाऱ्या छोट्या विजेच्या स्विचला, करंट मिळतो, गिअरमध्ये असलेली गाडी चावी फिरवताच उडी मारू नये म्हणून ही सोय. स्टार्टर खराब असला तर बहुतेक वेळा निदान रिलेचा तरी टक आवाज येतो, तुमच्याकडे तोही येत नसेल तर बहुधा करंट रिलेपर्यंत पोचतच नाहीये.

आधी टॉर्च घेऊन पेडलखाली वाका. मॅट सरकून पेडल अडतंय का बघा, आणि खाली प्लास्टिकचे किंवा रबराचे तुकडे पडलेत का तेही बघा, कारण दांड्यावर एक छोटा स्टॉपर असतो तो जुना होऊन फुटतो, मग स्विचचं बटन स्टॉपरच्या रिकाम्या भोकात जातं आणि दाबलंच जात नाही. स्विच चांगला, वायर चांगली, आणि तरी गाडी बंद! काही गाड्यांत दोन स्विच असतात, वरचा क्रूझ कंट्रोलचा, आपल्याला पेडल तळाला गेल्यावर दाबला जाणारा हवाय.

आता मीटर. बरेचजण स्विचचा कनेक्टर काढून, मीटर कंटिन्युइटीवर ठेवून बीप वाजतो का बघतात आणि वाजला की स्विच ओके म्हणतात, माझ्या मते इथेच लोक फसतात. मीटर अगदी किरकोळ करंट सोडतं, त्याला स्विचच्या आतला जळका काँटॅक्टही चालतो, पण रिलेचा लोड आला की तोच काँटॅक्ट दगा देतो. म्हणून कनेक्टर लावलेलाच ठेवा, मीटर 20 व्होल्ट डीसीवर, दोन प्रोब स्विचच्या दोन वायरींवर मागून टेकवा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, समोर कोणी उभं नको. दुसऱ्या कोणालातरी चावी स्टार्टला धरायला सांगा. क्लच सोडलेला असताना 12 च्या आसपास दिसायला हवं आणि दाबला की 0.2 च्या खाली यायला हवं. दाबूनही 12 च राहिलं तर स्विच जोडलाच जात नाहीये, दोनतीन व्होल्ट उरले तर काँटॅक्ट जळलेत. आणि क्लच सोडलेला असतानाही काहीच दिसलं नाही तर स्विचला दोष देऊ नका, फ्यूज, इग्निशन स्विच, रिले आणि अर्थची (गाडीच्या बॉडीला जोडलेली) वायर बघा. हे सगळं फॉल्ट चालू असताना मोजा, गाडी नीट लागत असताना मोजून हाती काही लागत नाही.

हे दोन पिनांच्या साध्या स्विचबद्दल झालं. दोनपेक्षा जास्त पिना असतील तर तो बहुधा सेन्सर असतो, सिग्नल ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जातो, तिथे वायर जोडून प्रयोग करू नका, त्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लावून क्लचची स्थिती बदलते का ते बघा.

प्रश्न: स्विच कायमचा बायपास केला तर?

उत्तर: नको, अजिबात नको. तपासणीपुरती दोन पिनांना तार जोडणं वेगळं, पण तशीच ठेवली तर गाडी गिअरमध्ये असताना घरातल्या मुलाने नुसती चावी फिरवली तरी ती पुढे जाईल, समोर भिंत असो की माणूस. स्विच सहसा साधा आणि छोटा पार्ट असतो, बदलून टाका.